शेजारणीच्या डब्यात डोकावणं सोडा: मुलांच्या खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्या आई-बाबांना खुले पत्र

प्रति,
इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि फेसबुकवर मुलांच्या खाण्यापिण्याचे व्हिडिओ टाकणारे समस्त मराठी आई-बाबा

विषय: तुमचे व्हिडिओ आमच्या वर्गात पोचतात तेव्हा काय होतं, त्याबद्दल

स. न. वि. वि.

मी नाशिकला एका बालवाडीत शिकवते. माझ्या वर्गात तीन ते पाच वर्षांची मुलं आहेत. साडेदहाच्या सुट्टीत सगळी सतरंजीवर गोल बसतात आणि मी मधे फिरत घट्ट बसलेली झाकणं उघडून देते, सांडलेलं पुसते. कुणाच्या घरी काय शिजतं, कधी शिजतं आणि कधी शिजतच नाही, हे त्या वेळात आपोआप कळतं.

तुमचे व्हिडिओ मी बघते. बघावेच लागतात, कारण ते आधी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, मग पालकसभेत येतात आणि शेवटी डब्यात उतरतात. त्यातले काही खरोखर उपयोगाचे असतात. रात्रीच्या उरलेल्या वरणात कणीक मळून सकाळी पराठे लाटणाऱ्या ताईंचे माझ्या वर्गातल्या कितीतरी आयांवर उपकार आहेत. तरीही हे पत्र तक्रारीचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे कौतुकाच्या आशेने कुणी शेवटपर्यंत वाचायला नको.

अलीकडे मुलं डबा झाकून खायला लागली आहेत. लाडू वाटावा लागेल म्हणून झाकण आडवं धरणारी पोरं पूर्वीही होती, ती गोष्ट वेगळी. आता झाकतात ती कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. एखाद्याच्या डब्यातून बिस्किटं निघाली की शेजारचं साडेचार वर्षांचं पोर अगदी डॉक्टरच्या सुरात सांगतं, "हे खाल्लं ना, की पोटात विष होतं." ज्याची बिस्किटं तो रडायला लागतो. सांगणाराही घाबरलेला असतो, कारण आदल्या संध्याकाळी आजोबांनी त्याला तेच बिस्कीट चहात बुडवून दिलेलं असतं. हे वाक्य त्याला आईने शिकवलेलं नाही. त्याला भरवताना समोर जो फोन चालू असतो, त्यातून ते आलं आहे.

आणि मूल सोडायला आलेल्या आया माझ्या कानाशी येऊन हळूच सांगतात, "ताई, आज पहिली शिफ्ट आहे, पोळी-साखरेचा रोल दिलाय. ग्रुपवर फोटो नका टाकू हं." सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला जाणारी बाई अंधारात उठून पोळ्या करते, पोरगं जे खाईल ते बांधून देते, आणि तिला चोरी केल्यासारखं वाटतं. तिला असं वाटायला लावण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला, हा माझा पहिला प्रश्न आहे.

समाजमाध्यमांवर पालकांनी बोलूच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट नीट बोललं तर काय होतं, ते आपण पाहिलं आहे. एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीने कायदेशीर नोटीस धाडली, त्याने व्हिडिओ काढून माफी मागितली, पण तोवर तो लाखो फोनांमध्ये गेला होता. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे विचारणा केली. वर्ष संपायच्या आत शंभर ग्रॅममधली वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आली. मग एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशा नावाचा प्रकारच नाही. इतकी वर्षं ज्या शब्दावर डबे विकले गेले, तो शब्द कायद्यात नव्हताच! त्याच महिन्यात स्वित्झर्लंडमधली पब्लिक आय आणि शिशुआहाराच्या विक्रीवर लक्ष ठेवणारं आयबीफॅन या संस्थांचा अहवाल आला. भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅक या शिशुआहारात एका वाढणीत सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास साखर घातलेली आढळली. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये हीच कंपनी ती न घालता विकते. पुढच्या वर्षी सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर असते हे दाखवणारे फलक, लावायला सांगितलं. हे सगळं घडलं, कारण लोकांनी पुडक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचला आणि ज्याच्या हातात तो बदलण्याची ताकद होती त्याला जाब विचारला.

त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी काय केलं? साखरेबद्दलची तीच चीड घेतली आणि ती शेजारणीच्या डब्यावर काढली. "अजूनही मुलांना हे देताय?" अशी सुरुवात, समोर बोट, मागे धडकी भरवणारं संगीत. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. कंपनीला प्रश्न विचारला तर नोटीस येते; थकलेल्या बाईला विचारला तर लाइक येतात, हा हिशेब मलाही कळतो.

बरं, साखर गेली ती कुठे गेली? तुमच्या 'शुगर-फ्री' लाडवात अर्धी वाटी गूळ आहे, वर खजुराचा पाक आहे. गूळ मलाही आवडतो. पण गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, आणि त्यातल्या लोहासाठी तो खायचा म्हटलं तर इतका खावा लागेल की विचारायलाच नको. जागतिक आरोग्य संघटना मध, पाक आणि फळांचा रससुद्धा कमी करायच्या साखरेतच मोजते. म्हणून, 'नो शुगर' असं पिवळ्या अक्षरांत लिहून गुळाचा केक दाखवणारे आणि पोळी-साखरेच्या रोलला नावं ठेवणारे एकच असतील, तर मी त्या बाईच्या रोलच्या बाजूने आहे. त्यात निदान पोळी तरी आहे, आणि तूप लावलं असेल तर सोन्याहून पिवळं.

शिवाय घाबरवून झालं की खाली लिंक असते. नाचणी, बदाम, मखाणे दळून केलेली पूड, सुंदर डबी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ही गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण नाचणी किराणा दुकानात काय भावाने मिळते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून, भाजून दळायची हे आपल्या आज्यांना येत होतं. ते दाखवा की! दोन मिनिटांचा व्हिडिओ होतो. फक्त त्यातून डबी विकली जात नाही.

आता दोन वर्षांखालच्या बाळांबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे नुसत्या लाजेचा प्रश्न नाही.

आपल्या देशात १९९२ चा एक कायदा आहे: आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी दुधं, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्याबद्दलचा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने द्यायचं अन्न म्हणून जे विकलं जातं, त्याची जाहिरात करायला या कायद्याने बंदी आहे. जाहिरात म्हणजे फक्त टीव्हीवरची नव्हे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, आवाजातून, दृश्यातून केलेलीही. याच कायद्याप्रमाणे त्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्रसुद्धा छापता येत नाही. कारण साधं आहे: गोंडस बाळ दिसलं की आई भुलते. आता तुमचे 'कोलॅबोरेशन'चे व्हिडिओ आठवा. कंपनीला डब्यावर जे चित्र छापायला मनाई आहे, ते तुम्ही स्वतःचं जिवंत बाळ डब्याशेजारी बसवून पुरवता. कंपनीच्या वकिलांना हा कायदा माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला माहीत नसेल, हे मी मानते. म्हणून सांगितलं.

मोठ्या मुलांच्या वस्तूंचे पैसे घेऊन व्हिडिओ करत असाल, तर ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारशींसाठी नियम दिले आहेत. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर ते स्पष्ट, ठळक, लोकांना कळेल असं सांगायचं. हॅशटॅगांच्या ढिगाऱ्यात लपवायचं नाही. तुम्ही अख्खा व्हिडिओ गोड मराठीत करता आणि पैसे घेतल्याचं मात्र शेवटी तीन इंग्रजी अक्षरांत उरकता. 'ही जाहिरात आहे' म्हणायला किती श्वास लागतो?

बाळगुटीचंही इथेच सांगते. 'आजीची गुटी' या नावाने सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग उगाळणारे व्हिडिओ फार चालतात. सहाण, आजीचे हात, मागे ओवी, दिसायला खरंच सुंदर. पण दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ते चाटवू नये. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे अंगणवाडीताईपासून बालरोगतज्ज्ञापर्यंत सगळे घसा कोरडा करून सांगतात. आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. मधात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्याने काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. खऱ्या विषाबद्दल बोलायची संधी होती, तिथे तुम्ही ओवी लावलीत.

मुलांच्या भुकेबद्दल तुमच्या व्हिडिओंमध्ये जवळजवळ काहीच नसतं, याचं मला फार नवल वाटतं. जन्माला येताना बाळाचं जे वजन असतं, ते पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं. त्यानंतर मूल वर्षाला कसंबसं दोन-अडीच किलोने वाढतं. म्हणजे दीड-दोन वर्षांचं पोर अचानक कमी खायला लागलं, तर बहुतेक वेळा ते बरोबरच वागत असतं. त्याची वाढ मंदावली, भूक मंदावली. त्याच वयात मुलं नवीन पदार्थाला नाकं मुरडतात, हेही ठरलेलं. एखादी भाजी दहा-दहा वेळा पानात दिसल्यावर कुठे एकदा तोंडात जाते. माझ्या वर्गात गवार पाहून तोंड फिरवणारी मुलगी मैत्रिणीच्या डब्यातली गवार निमूट खाते, आणि तिची आई माझ्याकडे संशयाने बघते.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची सोपी वाटणी सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे हे पचायला जड जातं, मान्य आहे. ताटात टाकायचं नाही हा संस्कार, शिवाय आजी बघत असते. पण तुमच्या व्हिडिओतलं मूल रोज पाच रंगांचं ताट चाटूनपुसून खातं. ते पाहून ही आई आपल्या पोराच्या मागे वाटी घेऊन घरभर धावते, शेवटी फोन लावून भरवते, आणि फोनमध्ये पुन्हा तुमचंच मूल चाटूनपुसून खात असतं. परत आलेली ताटं तुम्ही कधीच दाखवत नाही. ती तुमच्याही घरी परत येतात, हे मला माहीत आहे. मुलं मुलंच असतात. बाळ नीट वाढतंय की नाही हे पाहायला अंगणवाडीत वजनकाटा आहे, वाढीचा तक्ता आहे. तुमच्या मुलाचं ताट हा त्या तक्त्याला पर्याय नाही.

आणि त्या मुलाचा चेहरा. "सांग बघू सगळ्यांना, आपण चिप्स खातो का?" "नाSSही!" तीन वर्षांचं लेकरू कॅमेऱ्याकडे बघून म्हणतं. मग तेच लेकरू कुणाच्या तरी वाढदिवसाला चिप्सच्या ताटलीपाशी अवघडून उभं राहतं आणि आधी आईचा हात मोकळा आहे की त्यात फोन आहे ते बघतं. हट्ट करून, नाक गळत, भेंडी थुंकणाऱ्या मुलाचा व्हिडिओ तर सगळ्यात जास्त पसरतो. तो मुलगा चौदा वर्षांचा झाला की त्याच्या वर्गातल्या कुणाला तरी तो सापडणार आहे. रेसिपी दाखवायला हात पुरतात, कढई पुरते.

जाता जाता बाबांना एक. रविवारी एक धिरडं उलटलंत की "किती गोड बाबा" म्हणून हजार प्रतिक्रिया येतात. सोमवार ते शनिवारचे डबे कोण करतं, तेही एकदा दाखवा.

आता ज्या मुलांबद्दल तुमच्याकडे कुणीच बोलत नाही, त्यांच्याबद्दल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड. सहा महिने ते पाच वर्षांच्या दर तीन मुलांमधल्या दोघांच्या अंगात रक्त कमी. हे फक्त मेळघाट किंवा पालघरचं नाही. तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींच्या नातवंडांचं आहे, आणि चहा-खारीवर शाळेत येणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या मुलांचंही आहे. आपल्या राज्यात मुलांच्या खाण्याचा मोठा प्रश्न ब्ल्यूबेरी की स्ट्रॉबेरी हा नाही. डाळ, उसळ, अंडं, दूध, सुकट, पालेभाजी यातलं काही रोज पानात पडतं का, हा आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्यांना केळं. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रथिनं असतात, भेसळ करता येत नाही, आणि सोलून खायला मुलांना गंमत वाटते. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा वेगळा निधी बंद केला. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगितलं. लोकसहभाग म्हणजे काय, हे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना विचारा. त्या आठवड्यात मी तुमची पानं मुद्दाम चाळली. मुलांच्या प्रथिनांवर भरपूर बोलणं चाललं होतं. पनीरचे कटलेट होते, प्रोटीन पावडरची लापशी होती. सरकारी शाळेतल्या अंड्यावर मला तरी काही दिसलं नाही.

तुमच्यापैकी काहींचे लाख लाख अनुयायी आहेत. आमदाराच्या पत्राला जितकी किंमत नसेल तितकी तुमच्या दीड मिनिटाला आहे. म्हणून मागणं थोडं मोठं आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. तरी स्नेहसंमेलनाला प्रायोजक कोण असतो आणि मुलांच्या हातात फुकटचं काय दिलं जातं, ते आपण दरवर्षी पाहतो. फोन तिकडे वळवा. गाडीवर भेळ विकणाऱ्या काकांकडे नको. ज्या कंपनीचा फलक व्यासपीठाच्या मागे लागतो, तिच्याकडे.

आणि एक व्हिडिओ लगेच करता येईल. तुमच्या घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्या, मुलांचे चेहरे दाखवू नका. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा की आज काय केलंय, अंडं शेवटचं कधी दिलं आणि तुमचं मानधन वेळेवर मिळतं का. त्यांनी जे सांगितलं ते, मागे कुठलंही संगीत न लावता, जसंच्या तसं टाका आणि शालेय शिक्षणमंत्र्यांना त्यात टॅग करा. तो व्हिडिओ आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मी स्वतः पाठवीन.

कळावे,
आपली,
एक बालवाडी शिक्षिका
नाशिक

ता. क.: आमच्या बालवाडीने डब्यांचे फोटो ग्रुपवर टाकणं बंद केलं आहे. काही पालक नाराज आहेत. चालेल.